नॉर्बचा बिल्ला

नॉर्ब टेट्झलाफ पहिल्यांदा बर्फावर भाला घेऊन बसला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते आणि तळ्यात मासे नव्हते. आता सगळं उलटं झालं होतं. तळ्यात माणसाएवढाले स्टर्जन मासे फिरत होते, नॉर्बचं डोकं तुळतुळीत झालं होतं, आणि एवढ्या हिवाळ्यांत त्याच्या भाल्याला माशाचं खवलंसुद्धा लागलं नव्हतं.

त्याचा दोस्त हार्लन श्राम गोठलेल्या तळ्यावरच्या त्याच्याच खोपटात, बर्फातल्या त्याच भोकाशी बसून पाच मासे घरी घेऊन गेला होता. त्यातला एक तर हार्लन डुलक्या काढत असताना आला; जाग आली, खाली बघितलं आणि मारला. नॉर्ब मात्र डोळ्यांत तेल घालून बसायचा आणि हात हलवत परत जायचा. नशीब म्हणजे काय ते ज्याला बघायचं असेल त्यानं या दोघांच्या खोपटात जाऊन यावं, असं डॉटीच्या बारमध्ये लोक म्हणत.

दर साली परवान्याबरोबर राज्याच्या वन्यजीव खात्याकडून एक बिल्ला येतो. मासा मारला की ज्यानं मारला त्यानं आपला बिल्ला तिथल्या तिथं माशाला बांधायचा. नॉर्बचा बिल्ला कोराच राहायचा. हंगाम संपला की तो खोपटाच्या भिंतीत एक खिळा ठोकायचा आणि त्यावर तो टांगून द्यायचा. पिवळे, निळे, लाल, वरचे तर रंग उडून पांढरेफटक झालेले. एक अख्खी भिंत भरली होती. कुणी नवखा आत आला आणि हसला, तर नॉर्ब म्हणायचा, "हस लेका, पोटभर हस. पण यातला एक तरी खोटा आहे का तेवढं बघ."

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नॉर्बचा खुबा पार गेला होता. त्याच्या मुलीनं फर्मान काढलं होतं की मे महिन्यात सामान बांधायचं आणि तिच्याकडं ॲरिझोनाला यायचं. "तिकडं बर्फ फक्त ग्लासात बघायला मिळतो," नॉर्ब सगळ्यांना सांगत फिरायचा आणि हसायचा. पण हार्लनला ते हसणं ऐकवत नव्हतं. हा हिवाळा नॉर्बचा शेवटचा. मासा मिळाला तर यंदा, नाहीतर कधीच नाही.

हंगामाच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दोघं तळ्यावर उतरले तेव्हा खात्याच्या मोजणीच्या टपरीबाहेरचा काळा फळा दोघांनीही बघितला. त्यावर खडूनं लिहिलं होतं: उरलेल्या माद्या – एक.

स्टर्जनची मादी वयात यायलाच पंचवीसेक वर्षं लागतात. म्हणून दर हिवाळ्यात किती माद्या मारू द्यायच्या ते खातं आधी ठरवतं, रोज मोजतं आणि फळ्यावर लिहितं. फळ्यावर शून्य लागलं की अग्निशमन दलाचा भोंगा वाजतो आणि हंगाम खलास. मग तुम्ही राजे असा नाहीतर रंक, भाला घरी.

"एक!" हार्लन म्हणाला. "दुपारपर्यंत कुणीतरी उडवणार ती. बंद करून टाकणार सगळं."

"मग? बंद करायलाच तो फळा आहे," नॉर्ब म्हणाला. "तुझ्या पोरीला शिव्या घालू नकोस, ती नुसती लिहिते. फळा माझा आहे."

ते खरंच होतं. तळं रिकामं व्हायला लागलं होतं त्या काळात खात्याच्या लोकांनी गावातल्या सभागृहात सगळ्या भालेवाल्यांना बोलावलं होतं. मर्यादेचा आकडा ऐकून लोक खुर्च्या आपटायला लागले. तेव्हा तरणाबांड नॉर्ब उभा राहिला आणि म्हणाला, "आकडा चुकला आहे. अजून कमी करा. आणि रोज किती उरले ते आम्हाला दिसेल असं बाहेर फळ्यावर लिहा. पोरांना काय रिकामं तळं दाखवायचं?" त्या रात्री डॉटीच्या बापानं त्याला ब्रँडी द्यायला नकार दिला होता. पण फळा लागला, आकडा कमी झाला आणि बघता बघता तळं भरलं.

आता तो फळा हार्लनची थोरली मुलगी ग्रेचन चालवत होती. खात्यातलं स्टर्जनचं सगळं काम तिच्या हाताखाली. पोरगी एवढ्या मोठ्या हुद्द्यावर गेली म्हणून हार्लनची छाती फुगली होती, पण बारमध्ये गेला की तीच छाती टोचली जायची. आमिषाचं दुकान चालवणारा रॉली बुशमन मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "श्रामचं काय बाबा! घरचीच पोर साहेब. मासे कुठं आहेत ते याला जेवणाच्या टेबलावर कळतं. आम्ही आपले बसतो आंधळ्यासारखे."

सगळं साफ खोटं. हार्लननं एकदाच विचारून बघितलं होतं, "काय गं, यंदा मासे कुठल्या अंगाला आहेत?"

"बाबा, बटाटे जरा इकडं द्या," ती म्हणाली होती.

खोपटात शिरून दोघांनी दार लावून घेतलं. आत काळोख आणि मधोमध बर्फात कापलेलं दाराएवढं भोक. काळोखामुळं खालचं पाणी हिरवं उजळून दिसत होतं, अगदी वरून मासा गेला की कळावा म्हणून तळाला टाकलेली अंड्याची टरफलंसुद्धा. भोकात माशांना भुलवायला दोरीवर हार्लननं कोरलेला लाल-पांढरा लाकडी मासा लोंबत होता. मध्येच हार्लन दोरीला हिसका द्यायचा, लाकडी मासा गोल फिरायचा. दोन्ही भाले आपापल्या खिळ्याला टेकलेले. हार्लननं हरणाच्या मांसाचं सॉसेज कापलं, नॉर्बनं थर्मास उघडला. तो रिकामा होत आला तरी खाली नुसतं पाणीच होतं.

मग नॉर्बची चुळबुळ सुरू झाली.

"काय झालं?"

"कॉफी."

"डबा आहे की कोपऱ्यात."

"त्या डब्याशी वाकायला माझा खुबा नाही म्हणतो. बाहेर उभ्या उभ्या जाऊन येतो." नॉर्ब काठी टेकत उठला. दारात वळून म्हणाला, "आणि काय रे, मी नाही म्हणून मासा बोलावू नकोस."

"जा रे बाबा. इतकी वर्षं नाही आला, आता दोन मिनिटांत येतोय होय?"

दार लागलं, आणि ती आली.

आधी टरफलं दिसेनाशी झाली. मग हार्लनला कळलं की तळ दिसत नाही कारण तळावरून काहीतरी चाललंय. राखाडी, लांबलचक, पोट टम्म फुगलेली. मादीच, आंधळ्यानंही सांगितलं असतं. लाकडी माशाकडं सावकाश वर येत होती. 'नॉर्ब,' असं हार्लनच्या मनात आलंसुद्धा. पण हात काही मनाला विचारून चालत नाहीत. भाला खिळ्यावरून उचलला गेला आणि सुटला.

दोरी सरसरत गेली. हार्लननं ती पकडली, पाय भोकाच्या काठाला रोवले आणि बोंबलायला लागला. दार उघडलं. नॉर्ब दारात उभा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात विजारीची चेन, ती अर्धीच लागलेली. भोकातून पाण्याचे लोट उडत होते.

"नाही," नॉर्ब म्हणाला. "नाही, नाही, नाही! मी नुसता मुतायला गेलो होतो रे!"

"ओढायचा आकडा घे! तो लोखंडी आकडा आण आधी!"

दोघांनी मिळून ती बर्फावर ओढून काढली. नॉर्बपेक्षा वीतभर लांब होती. शेपटीजवळ काळी काळी अंडी सांडली होती. दोघं धापा टाकत बसून राहिले. हातातोंडाशी आलेला घास जाणं म्हणतात ते हेच, आणि तो घास दोस्तानंच खाल्ला. नॉर्बनं शिव्या दिल्या असत्या तरी हार्लनला बरं वाटलं असतं. पण नॉर्बनं हात लांब करून माशाच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसला.

हार्लनला ते बघवेना. तो उठला, नॉर्बच्या खिळ्यावर टांगलेल्या कोटाच्या खिशातून नॉर्बचा नारिंगी बिल्ला काढला आणि माशाच्या शेपटीला बांधायला लागला.

"काय करतोयस?"

"तुझा मासा आहे. तुझी खुर्ची, तुझी बाजू. तू असतास तर तूच मारला असतास."

"पण मी नव्हतो."

"कुणी बघितलंय? गप बस. मला पाच आहेत, सहावा काय करू? भिंतीवर लावू?" गाठ दोनदा सुटली, हार्लननं ती तिसऱ्यांदा घातली. आपण काय करतोय हे त्याला पुरतं माहीत होतं. दुसऱ्याचा बिल्ला लावणं म्हणजे गुन्हा. आणि तो मासा नेऊन ठेवायचा होता तो आपल्याच मुलीच्या टेबलावर. पण नॉर्बचा तो माशावरचा हात दिसत होता, त्यापुढं दुसरं काही सुचत नव्हतं.

नॉर्ब हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मासा घसरगाडीवर चढवताना मात्र त्यानं मदत केली.

बर्फावर बातमी वाऱ्यासारखी पसरली. खोपटांची दारं उघडायला लागली. "नॉर्बचा बिल्ला आहे! अरे, नॉर्बनं मारला!" लोक बिअरचे कॅन उंच करत बाहेर आले, गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. रॉली बुशमनसुद्धा टोपी काढून ओरडला, "म्हाताऱ्या, जिंकलास!" डॉटी तर रडायलाच लागली. नॉर्ब खाली मान घालून काठी टेकत चालत होता. लोक पाठीवर थापा मारत होते, आणि दर थापेला तो थोडा आणखी वाकत होता. हार्लन गाडी ओढत पुढं. आपण केलं ते बरंच केलं, असं तो स्वतःला बजावत होता.

टपरीशी हीऽऽ गर्दी. ग्रेचन बाहेर आली. रबरी बूट, हातात मापाची फीत. बिल्ला बघून तिचा चेहरा उजळला. लहानपणी तिनं नॉर्बच्या मांडीवर बसून बर्फातलं भोक बघितलं होतं. पण तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, सगळ्यांना विचारतात तोच.

"कोणी मारला?"

"नॉर्बनं," हार्लन म्हणाला. मुलीच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला.

"नॉर्बकाका, तुम्ही मारलात?"

नॉर्बनं वर बघितलं. तिच्याकडं, मग फळ्याकडं.

"तुझा बाप खोटं बोलतोय," तो म्हणाला.

कुणाच्या तरी गाडीचं इंजिन चालू होतं, ते बंद झालं.

"मी झाडाला— म्हणजे इथं झाडं कुठं आहेत म्हणा— मी मुतायला गेलो होतो," नॉर्ब मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मासा यानं मारला. बिल्ला यानं बांधला. मी गप्प बसलो, मोह झाला मला. इथवर चालत आलो आणि तुमच्या एवढ्या थापा खाल्ल्या तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं." मग तो हार्लनकडं वळला आणि त्याचा आवाज चढला. "गाढवा! इतकी वर्षं मी रिकाम्या हातानं घरी गेलो, पण ताठ मानेनं गेलो. तो फळा मी मागून घेतलाय या गावासाठी. आणि त्याच्याच खाली माझ्या नावानं खोटा मासा? माझ्यावर दया करतोस? तुझी दया घाल चुलीत!"

हार्लनला बर्फ फाटावा आणि आपण आत जावं असं झालं.

"बाबा," ग्रेचन म्हणाली. आवाज एकदम सपाट. "कोणी मारला?"

"मी."

"परवाना दाखवा."

त्यानं दाखवला. तिनं तो वाचला, जणू श्राम हे नाव ती पहिल्यांदाच वाचत होती. मग टपरीशी उभ्या असलेल्या खात्याच्या रखवालदाराला तिनं हाक मारली. "दुसऱ्याचा बिल्ला. मासा जप्त करा, दंड लावा. दोघांचे या हंगामाचे परवाने रद्द." रखवालदार जरा घुटमळला. साहेबांचे वडील म्हटल्यावर बिचाऱ्याच्या खिशातून पावतीपुस्तक निघेना. "ऐकलंत ना?" ती म्हणाली. मग तो कामाला लागला.

ग्रेचननं मासा स्वतः मोजला, पोट कापून बघितलं, मादी असल्याचं मोठ्यानं सांगितलं. मासा चर्चच्या जेवणासाठी बाजूला ठेवायला लावला. नंतर फळ्याशी जाऊन तिनं एकचा आकडा पुसला आणि शून्य काढलं. तेच शून्य तिनं दोनदा गिरवलं, तेवढं बापालाच दिसलं. थोड्या वेळानं गावातून भोंगा वाजला. बर्फभर लोक आपापली खोपटी आवरायला निघाले.

रॉली बुशमननं खाकरून घसा मोकळा केला. "डॉटी," तो म्हणाला, "यापुढं मी त्या पोरीबद्दल काही बोललो तर माझ्या तोंडात बूट घाल."

"पुरुषांचा की बायकांचा?" डॉटीनं विचारलं.

हार्लन हातात दंडाची पावती घेऊन उभा होता. लाज वाटत होती, मरणाची लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या खालून काहीतरी वर येत होतं, ते त्याला आवरेना. त्याची पोरगी! सगळ्या गावासमोर, सख्ख्या बापाला, आवाज न चढवता न उतरवता. पाच मासे मारले तेव्हा त्याला एवढा अभिमान वाटला नव्हता. ती पावती त्यानं पुढं चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझ्या मुलीनं दिलीय."

नॉर्ब मात्र पार बर्फ वितळेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. हार्लननं दोनदा ॲपल पाय, एकदा ब्रँडीची बाटली पाठवली. खाऊ ठेवून घेतला, बाटलीही ठेवून घेतली, निरोप काही नाही. मग एप्रिलमध्ये एका सकाळी नॉर्ब दारात उभा. डोक्यावर नारिंगी टोपी.

"नदीवर पहारा आहे आपला," तो म्हणाला. "दरवर्षी असतो, विसरलास का? गाडी काढ. मला चालवत नाही."

वसंतात स्टर्जन नदीच्या काठच्या दगडांवर अंडी घालायला येतात, इतके जवळ की पोरानंही शेपटी धरावी. चोरांपासून त्यांना राखायला गावचे लोक आळीपाळीनं काठावर बसतात. खातं टोपी देतं आणि जेवण देतं. पगार काही नाही, आणि मागतही कुणी नाही. जे हिवाळ्यात मासा मारायला बसतात तेच वसंतात त्याची राखण करतात. बाहेरच्यांना हे कळत नाही. कळायला पाहिजे असं इथं कुणाला वाटतही नाही.

दगडांत पाणी उसळत होतं. खात्याची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून मोठ्या जाळ्यांनी मासे उचलत होती, मोजत होती, पराला खुणेचा बिल्ला लावून परत सोडत होती. नॉर्ब आणि हार्लन घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. पाण्यातून ग्रेचननं हाक मारली.

"नॉर्बकाका! हात रिकामे आहेत का?"

"माझे हात कायमचेच रिकामे असतात. का गं?"

"इकडं या."

हार्लननं त्याला पट्ट्याला धरून दगडांवरून उतरवलं. दोन माणसांनी काठाशी एक मादी धरून ठेवली होती. हिवाळ्यातल्या तिच्याहूनही मोठी.

"साधारण तुमच्याच वयाची असेल," ग्रेचन म्हणाली.

"मग खुबा कसा आहे विचार तिला."

ग्रेचननं त्याच्या हातात पक्कड दिली. पकडीच्या जबड्यात एक नवा कोरा बिल्ला होता, बोटाच्या पेराएवढा. नॉर्ब त्याच्याकडं बघत राहिला. मग गुडघ्यावर बसला, खुबा कण्हला तरी बसला. ग्रेचननं दाखवलं तिथं पराच्या बुडाशी पक्कड टेकवली आणि दाबली. टक्.

वर काठावर नोंद करणाऱ्या मुलीनं ओरडून विचारलं, "कोणी लावला?"

नॉर्बच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "नॉर्बर्ट ऑगस्ट टेट्झलाफ," तो म्हणाला. अख्खं नाव, लग्नात घेतात तसं. "मी लावला. स्वतः."

"सोडा," ग्रेचन म्हणाली.

मादीनं एक शेपटी हाणली आणि सगळ्यांनाच नखशिखान्त भिजवून खोल पाण्यात गेली. नॉर्ब ती दिसेनाशी झाली तरी बघत होता.

"किती जगेल गं अजून?"

"सांभाळलं तर तीस-चाळीस वर्षं सहज."

"सांभाळाल," नॉर्ब म्हणाला. "तू आहेस ना." मग त्यानं हार्लनच्या खांद्याला धरून स्वतःला उभं केलं, ओली टोपी पिळून परत डोक्यावर घातली आणि काठावर चढला. हार्लन त्याची खुर्ची सरळ करून धरून उभा राहिला. नॉर्बनं त्याच्याकडं बघितलं, काठी उचलली आणि झाडीकडं निघाला.

"मी जरा आडोशाला जाऊन येतो," तो म्हणाला. "आणि हार्लन, मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस."